गुरुवारचं केंटकी

नेल्डा स्प्रॅडलिन फोनवर कधी ‘कसे आहात’ असं आधी विचारायची नाही. आधी विचारायची, ‘आत्ता कुठं आहात?’ नवख्या माणसाला वाटावं, ही बाई सोशल वर्कर आहे की पोलिसातली. पण तिचा इलाज नव्हता. मनानं खचलेल्या माणसाशी बोलत बोलत त्याला पुन्हा उभं करायचं हे तिचं काम, आणि त्या कामाचा तिचा परवाना अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा. ती स्वतः कुठं बसून बोलते याच्याशी कायद्याला फारसं देणंघेणं नव्हतं. ऐकणारा कुठं बसलाय ते बघायचं. तो केंटकीत असेल तर बोला. नदीपलीकडं ओहायो राज्यात असेल तर तोंडाला कुलूप. दुःख तेच, माणूस तोच, पण पूल ओलांडला की नेल्डाबाई परक्या. असं का, ते कायदा करणाऱ्यांना विचारा. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला काय कळतंय.

नेल्डाचा बाप कोळशाच्या खाणीत होता आणि आई लोकांच्या शेतात तंबाखू खुडायची. नेल्डानं नवरा दारूपायी सोडला, दोन पोरी आईच्या पदरात टाकल्या आणि पस्तिशीत कॉलेजात जाऊन बसली. गावानं काय नावं ठेवायची ती ठेवली. पुढं तीच नावं ठेवणारी माणसं तिच्या दारात येऊन बसली, कुणाचा पोरगा नशेच्या गोळ्यांच्या नादाला लागला म्हणून, कुणाची बायको बोलेनाशी झाली म्हणून. नेल्डानं कधी कुणाला जुनं काढून टोमणा मारला नाही. ती पाट्या टाकणारी नव्हती. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर तिनं तीन गाड्यांचा खुळखुळा केला. लोकांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांनी पुढं केलेला मक्याचा ब्रेड खात, ती तासन् तास नुसतं ऐकायची.

तिची एक खोड होती. समोरचा रडायला लागला की ती त्याला रुमाल द्यायची नाही. ‘रुमाल पुढं केला की माणसाला वाटतं, आवर म्हणतायत,’ असं ती म्हणायची. ‘रडू दे की. बाही आहे ना त्याला.’

मग गुडघे गेले. पशुखाद्याच्या दुकानावरची तिची कचेरी एक जिना चढून होती, तो जिनाच चढवेना. तेव्हापासून ती घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवरच काम करायची. पण फोनवर बोलायचं म्हणून गबाळेपणा नाही. केस विंचरून, चर्चला जायचे बूट घालून बसायची. बूट कुणाला दिसणार, असं मुलीनं विचारलं तर म्हणायची, ‘मला दिसतात.’

हर्शेल काउडिल हा तिच्याकडं डॉक्टरनं धाडलेला माणूस. वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म ओहायो नदीवर गेला, कोळशाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर. बायको ओमा गेली आणि हा गडी जेवेनासा झाला. दर गुरुवारी दोन वाजता नेल्डाशी बोलायचं ठरलं. पहिला महिना तो फक्त माशांवर बोलला. नदीतला कॅटफिश कुठं बसतो, त्याला काय आवडतं, कुठल्या वर्षी केवढा मिळाला. नेल्डा ऐकत राहिली. घाई केली की माणूस दार लावून घेतो, हे तिला ठाऊक होतं. आणि एका गुरुवारी कॅटफिशच्या मधेच तो म्हणाला, ‘मी अजून सकाळी दोन कप कॉफी ओततो, नेल्डाबाई. मग तिचा थंड झाला की मीच पितो.’ तिथून तो बोलायला लागला.

पण त्याच शरदात त्यानं गाडी मागं घेताना शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, आणि एकदा शेगडी पेटती ठेवून झोपला. त्याची लेक मेलिंडा नदीपलीकडच्या हार्मन गावात राहायची, ओहायोत. म्हाताऱ्यांच्या निवासात नोकरी, तिथली दोन-दोन पाळ्यांची कामं, नवरा कधीचाच पळालेला. ती आली आणि बापाला घेऊन गेली. तिनं वाईट केलं असं कुणी म्हणणार नाही.

‘म्हणजे मी पलीकडं गेलो की तुमच्या लेखी मेलोच म्हणा,’ हर्शेल नेल्डाला म्हणाला.

‘तसं नाही हो, मिस्टर काउडिल. मला तिकडचा परवाना काढावा लागेल. अर्ज, दाखले, शंभर भानगडी. वेळ जाईल.’

‘आणि मी गाडी घेऊन अलीकडं आलो तर?’

‘आलात तर तुम्ही केंटकीत. मग बोलू शकते.’

‘झालं तर मग,’ हर्शेल म्हणाला. ‘पूल काय कुणाच्या बापाचा आहे?’

मेलिंडानं बापाच्या पिकअपची किल्ली तेव्हाच काढून घेतली असती. पण कायदाच आहे म्हटल्यावर ती काय करणार. डॉक्टरनं सांगितलेलं बोलणं, ते बोलायला पलीकडं जावंच लागतं. ‘गुरुवारचा गुरुवार, डॅडी. जायचं, बोलायचं, सरळ घरी यायचं,’ असं तिनं बजावलं. बाकीचे सहा दिवस किल्ली तिच्या पर्समध्ये.

तर अशी ही गंमत सुरू झाली. हर्शेल पूल ओलांडायचा, स्लेट लँडिंगच्या ओल्ड बेथेल चर्चच्या मागच्या खडीच्या मैदानात मेपलच्या झाडाखाली पिकअप लावायचा आणि फोन करायचा.

‘आत्ता कुठं आहात, मिस्टर काउडिल?’

‘केंटकीत. चर्चच्या मागं, मेपलखाली.’

ते मैदान म्हणजे एक नवलच होतं. हर्शेल एकटा नव्हता तिथं. ओहायोत राहायला गेलेली, पण मन मोकळं करायला जुळलेली नेल्डासारखी बाई नाहीतर बुवा केंटकीतच राहिलेला, अशी आणखी दोन-चार माणसं ठरल्या वेळी येऊन त्याच मैदानात गाड्या लावायची आणि काचा वर करून बोलत बसायची. हर्शेल नेल्डाला सगळी बातमी द्यायचा. ‘निळ्या गाडीतली पोरगी आज पुन्हा रडतेय. तो टक्कल पडलेला मात्र आज चक्क हसतोय, नेल्डाबाई. कायतरी गुण येतोय त्याला.’

‘तुम्ही लोकांच्या गाडीत डोकावता होय?’

‘छे. आमचा तिथला नियम आहे. आल्यावर एकदा मान हलवायची, की झालं. मग कुणी कुणाकडं बघायचं नाही. चर्चमध्ये पुढच्या दाराला जेवढा धर्म नसेल तेवढा मागच्या मैदानात आहे.’

नेल्डा हसली होती. ओहायोच्या परवान्याचा अर्ज तिच्या टेबलावर फळांच्या परडीखाली पडून होता. तिला तो जिवावर यायचा. जिच्या हाताखाली ती शिकली ती मिस हेटी कधीच वारली होती, ती संस्थाही बंद पडलेली. त्या जुन्या शिकाऊ वर्षांचा दाखला आता आणायचा कुठून? आणि दोनेक वर्षांत कामच थांबवायचं तर एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला, असंही वाटायचं. वर हर्शेल स्वतःच म्हणायचा, ‘त्या कागदाची एवढी काय घाई आहे? माझं चाललंय की छान.’ म्हाताऱ्याला आपल्याला त्रास द्यायचा नाहीये, असं तिनं धरलं. आयुष्यभर लोकांच्या बोलण्यामागचं बोलणं ओळखणारी बाई, आणि नेमकं हे साधं बोलणं तिनं वरवर ऐकलं.

नदीबद्दल हर्शेलचा एक लाडका विनोद होता. ‘ही अख्खी नदी केंटकीची,’ तो सांगायचा. ‘पार ओहायोच्या काठाला पाणी लागतं तिथवर. माझी लेक राहते तिथून उतरलो आणि पायाचा अंगठा पाण्यात बुडवला, तर अंगठा केंटकीत.’ वकिलाला विचाराल तर तो म्हणेल, जुनी हद्द जरा आत आहे, नदी नंतर फुगली. पण नदीवर जन्म काढलेल्या माणसाला वकिलाची काय पडलीय?

फेब्रुवारीत पुलाच्या एका खांबाचं काहीतरी निघालं आणि पूल बंद झाला. पुढचा पूल पुष्कळ लांब, तिथवर जाऊ द्यायला मेलिंडा तयार नव्हती. नेल्डानं बुधवारीच फोन करून सांगितलं, ‘या गुरुवारी राहू दे, मिस्टर काउडिल. पुढच्या गुरुवारी बोलू.’ हर्शेल ‘बरं’ म्हणाला.

गुरुवारी दोन वाजता फोन वाजला.

‘आत्ता कुठं आहात?’

‘केंटकीत.’ आवाज तुटक येत होता, आणि मागं काहीतरी सळसळत होतं.

‘पूल बंद आहे ना? केंटकीत कुठं?’

‘नदीत,’ हर्शेल म्हणाला.

नेल्डा उठून उभी राहिली. गुडघ्यातून कळ गेली तिच्या, पण तिला ती कळलीसुद्धा नाही. ‘नदीत म्हणजे?’

‘रबरी बूट घातलेत. गुडघ्यापर्यंतच आहे पाणी. जरा बुटांत शिरलंय.’ त्याचे दात वाजत होते. ‘तुम्ही विचारा काय विचारायचं ते.’

‘आधी बाहेर या.’

‘बाहेर आलो की ओहायो. मग तुम्ही फोन ठेवणार.’

‘नाही ठेवणार. बाहेर या.’

‘परवाना जाईल तुमचा.’

‘परवाना गेला खड्ड्यात, हर्शेल. बाहेर ये म्हणते ना मी.’

एवढ्या दिवसांत तिनं त्याला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली. तो निमूट बाहेर आला. घरी पोचेपर्यंत, बूट काढून पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळेपर्यंत ती त्याला बोलतं ठेवत राहिली. मग तो म्हणाला, ‘आज ओमाला जाऊन वर्ष झालं. आजचा दिवस नाही हो चुकवता येत.’

तिला वाटलं, आजच्या दिवशी आपल्याशी बोलणं चुकवता येत नाही असं तो म्हणतोय. फोन ठेवल्यावर तिनं परडी बाजूला केली आणि अर्ज ओढला. एक म्हातारा माणूस माझ्याशी चार शब्द बोलायला बर्फासारख्या पाण्यात उभा राहतो आणि मी दाखला कुठून आणू म्हणून बसलेय, अशी तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग मात्र तिनं पाठ टेकली नाही. मिस हेटीच्या हाताखाली तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण हुडकून काढली, ती मुलीजवळ फ्लोरिडात राहत होती. तिच्याकडून शपथेवर लिहून घेतलं. ठसे द्यायला गेली तर भांडी घासून घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या, यंत्र घेईना. तीन खेपा घातल्या. नदीपलीकडच्या परवाना मंडळातल्या बाईंना तिनं इतके फोन केले की त्या तिचा आवाज ओळखायला लागल्या. त्या बिचाऱ्यांनी शक्य ती सगळी मदत केली. मधल्या काळात पूल उघडला, हर्शेल पुन्हा मेपलखाली येऊ लागला, आणि दर गुरुवारी ती त्याला सांगायची, ‘आता थोडेच दिवस हं.’

‘तुम्ही फार कष्ट घेताय,’ तो म्हणायचा.

एप्रिलमध्ये डोंगरभर गुलाबी फुलं आली आणि परवाना आला. नेल्डानं मुलीला सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, आणि गुरुवारी हर्शेलला सांगताना तर तिला हसूच आवरेना. ‘आता पूल नाही, थंडी नाही, नदी तर नाहीच नाही. आपल्या खुर्चीत पाय पसरून बसा आणि बोला.’

मग तो म्हणाला, ‘बरं झालं, नेल्डाबाई. तुम्हाला यश आलं.’

पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं, ‘आत्ता कुठं आहात?’

‘ओहायोत. लेकीच्या घरी.’

मागं टीव्ही चालू होता आणि दारातल्या टांगलेल्या घंट्या वाऱ्यानं किणकिणत होत्या. त्याचं सगळं ठीक होतं. जेवण ठीक, झोप ठीक. मग तो कॅटफिशवर बोलायला लागला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही कॅटफिश. तिसऱ्या गुरुवारी कॅटफिशही संपले, आणि तो नुसता ‘हं, हं’ करत राहिला. एवढ्या महिन्यांत उघडलेलं दार त्यानं पुन्हा लावून घेतलं होतं, आणि नेल्डाला कळेना की आपलं चुकलं कुठं.

‘पिकअप काय म्हणतेय?’ तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘दारात उभी आहे. किल्ली मेलिंडाकडं.’

‘गुरुवारी देत होती ना?’

‘गुरुवारी द्यावीच लागत होती. कायदा होता.’ तो म्हणाला. ‘आता कायदा राहिला नाही. घरातून बोलता येतं. ती म्हणाली, डॅडी, आता तुम्हाला कशाला हवी गाडी? आणि खरंच आहे तिचं.’

नेल्डानं डोळे मिटले. खूप उशिरा, इतक्या गुरुवारांनंतर, तिनं तो प्रश्न विचारला. ‘मिस्टर काउडिल, एवढी गावं आहेत अलीकडं. तुम्ही ते ओल्ड बेथेल चर्चच का निवडलं होतं?’

‘मैदानाच्या कडेला दफनभूमी आहे. ओमा आहे तिथं. पिकअपमधून दिसते.’ मग तो हळूच म्हणाला, ‘तुमच्याशी बोलून झालं की मी उतरून जायचो. सरळ घरी यायचं म्हणून लेकीनं सांगितलेलं, तर फार वेळ नाही थांबायचो.’

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. पण ज्यानं केलं त्याला ते गिळवत नाही. दर आठवड्याला ‘कुठं आहात’ म्हणून विचारणाऱ्या बाईनं ‘तिथंच का’ हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या वर्ष भरल्याच्या दिवशी तो नदीत उतरला होता तो तिच्यासाठी नव्हे. बायकोच्या बाजूला जेवढं जाता येईल तेवढं तो गेला होता. आणि तिनं जीव तोडून, बोटं झिजवून, त्याची ओमाकडं जायची एकुलती एक वाट बंद करून टाकली होती.

‘मला सांगायचं होतंत,’ ती म्हणाली.

‘तुम्ही इतक्या आनंदात होतात.’ मग तो जरा आशेनं म्हणाला, ‘मेलिंडाला सांगता येईल का, की त्या परवान्यात काही घोळ निघालाय? थोडे दिवस?’

नेल्डाच्या मनात आलं, सांगावं. कोण बघतंय? पण त्याच मार्चमध्ये पुलावर त्याची गाडी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेली होती आणि समोरच्या ट्रकवाल्यानं कशीबशी वाचवली होती, हे त्यानंच तिला सांगितलं होतं, हसत हसत. त्या मैदानात ती निळ्या गाडीतली पोरगीही येत होती, उद्या त्याची गाडी तिच्या अंगावर गेली तर? खोटं बोलून किल्ली त्याच्या हातात देणं तिच्यानं होणार नव्हतं.

‘नाही सांगता येणार, हर्शेल,’ ती म्हणाली.

‘माहीत होतं मला. विचारून बघितलं,’ तो म्हणाला.

त्याच्या परवानगीनं तिनं मेलिंडाला फोन केला. मेलिंडा कामावरून नुकतीच आली होती. नेल्डानं तिला ओमाचं सगळं सांगितलं. ‘मला बोलले नाहीत कधी,’ ती म्हणाली. ‘मिस नेल्डा, माझी रविवारचीसुद्धा पाळी असते. मे महिन्यात थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस असतो ना, त्या दिवशी नेते मी त्यांना, नक्की नेते. पण दर गुरुवारी? मी एकटी बाई, किती ठिकाणी पुरणार?’ तिचा आवाज रडवेला झाला होता. नेल्डानं तिला दोष दिला नाही. नेल्डानं चर्चला फोन केला, पण माणसं आणायची त्यांची गाडी पूल ओलांडून येत नव्हती. तिनं आपल्या गाडीकडं पाहिलं. पण दीड तासाचा डोंगररस्ता, हे गुडघे, आणि ज्याच्याशी असं बोलायचं त्याला स्वतःच्या गाडीत बसवून फिरवायचं नाही हाही तिच्याच कामाचा नियम. आणि मे महिन्यात मेलिंडा काम करायची त्या निवासात नेमकी साथ आली, कुणाला सुटी मिळाली नाही. फुलं वाहायचा दिवस तसाच गेला.

त्यानंतरच्या गुरुवारी फोन आला तेव्हा टीव्हीचा आवाज नव्हता. आवाज कोंदट येत होता, काचा वर केल्यासारखा. सीटचं जुनं कातडं करकरलं.

नेल्डा केस विंचरून, बूट घालून बसली होती. नोंदीचा कागद पुढं होता. ‘आत्ता कुठं आहात, मिस्टर काउडिल?’ तिनं विचारलं.

‘केंटकीत,’ हर्शेल म्हणाला.

काचेबाहेर, जरा लांब, मेलिंडाच्या दारातल्या घंट्या किणकिणल्या. दोघांनीही त्या ऐकल्या.

‘तुम्हाला कागदावर लिहायचं ते लिहा,’ तो म्हणाला. ‘तुम्ही विचारलंत, मी सांगतोय. चर्चच्या मागं आहे. मेपलखाली.’

नेल्डानं कागदावर ‘ओहायो’ लिहिलं. मग लेखणी बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत काम करताना तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. आज आलं, आणि तिनं ते बाहीनं पुसलं.

‘निळ्या गाडीतली पोरगी आलीय का?’ तिनं विचारलं.

‘नाही. आज मी एकटाच आहे.’

‘आणि ओमाजवळ गवत वाढलंय का हो?’

हर्शेलला रडू फुटलं. नेल्डानं त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं नाक ओढलं.

‘गुडघ्यापर्यंत आलंय, नेल्डाबाई,’ तो म्हणाला. ‘कुणी येतच नाही ना आता.’